मोठ्या बाबांची ‘सुधारलेली’ तब्येत

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणूस अंगाने भरला की ‘तब्येत सुधारली’ असे म्हणण्याची रीत आहे. ज्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आणि वाटपाच्या सुकडीवर दिवस काढले, त्या पिढीला सुटलेल्या पोटात रोग दिसत नाही, बरकत दिसते. घरातील वयस्क पुरुषाचे वजन वर्षभरात दहा किलोंनी कमी झाले, तर मुले त्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात घेऊन येतात. तेच वजन दहा किलोंनी वाढले, तर कोणी येत नाही. उलट शेजारीपाजारी सुनेचे कौतुक करतात.

वाचकहो, मी गेली सत्तावीस वर्षे चिखलीच्या परिसरात प्रॅक्टिस करणारा साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. ग्रंथींच्या विकारांचा तज्ज्ञ नाही. तरीही वाढत्या वजनावर लिहायला बसलो आहे, कारण माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर एका माणसाचे वजन तेरा किलोंनी वाढले आणि मी भर मांडवात त्याचे अभिनंदन केले.

ते माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू. वय तेव्हा एकाहत्तर. चार एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. दरवर्षी पायी शेगावला जाण्याचा त्यांचा नेम होता. घाट उतरून खामगावमार्गे गजानन महाराजांच्या मंदिरापर्यंत ते चालत जात, आणि माझ्यासारखा चाळिशीतला पुतण्या सोबत असला तर पाठीमागे राही. मग गुडघे दुखू लागले. एक वर्ष नेम चुकला. त्याच्या पुढल्या वर्षी ते पुन्हा चालू लागले, आणि आम्हां सर्वांना वाटले, महाराजांची कृपा.

त्या सुमारास ते माझ्याकडे तपासायला आले होते. रक्तदाब १६०/१००, जेवणानंतरची साखर २४०. घराण्यात मधुमेह आहेच. मी साखरेची आणि रक्तदाबाची गोळी सुरू केली. वजनाच्या काट्यावर चढवले आणि आकडा कागदावर लिहिला. आज तो कागद माझ्यासमोर आहे. आधीच्या वर्षी ५८ किलो, त्या दिवशी ६४, पुढे सहा महिन्यांनी ७१. तिन्ही आकडे माझ्याच अक्षरात आहेत. एकाखाली एक लिहिताना माझा हात एकदाही थबकला नाही.

वैशाखात चुलतभावाच्या मुलीचे लग्न होते. मांडवात मोठे बाबा नवे धोतर, फेटा अशा थाटात बसले होते. चेहरा गोल, गालांवर लाली. मी चारचौघांत म्हणालो, “मोठे बाबा, तब्येत झकास केली तुम्ही!” ते खदखदून हसले. “सोयाबीनले भाव नाही भेटला रे बाप्पा, आंगाले भेटला!”

पंगत उठली तेव्हा मात्र त्यांना उठता येईना. मांडी घालून बसलेला माणूस दोन्ही हात जमिनीला टेकून, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत, शेवटी दोघांच्या आधाराने उभा राहिला. मी ते पाहिले आणि विसरलो. वहिनी विसरल्या नाहीत. त्या मोठ्या बाबांच्या सूनबाई, शिक्षण बारावीपर्यंतचे. हात धुताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊजी, मामंजींचं पोट एवढं मोठं झालं, अन् हातपाय पाहा, काडी झाले. आताच उठवताना दंडाला धरलं तं निळं पडलं. हे कसलं जाड होणं?”

एवढे अचूक वर्णन मी वैद्यकीय महाविद्यालयातही ऐकले नसेल. तीन वाक्यांत त्यांनी निदान माझ्या हातात ठेवले होते. आणि मी काय उत्तर दिले? “वहिनी, वय झालं आता. भात कमी द्या, गोड बंद करा.”

भाद्रपदातील एका रात्री अकराच्या सुमारास वहिनींचा फोन आला. मोठ्या बाबांना दोन दिवसांपासून उलट्या होत होत्या, अंगात कणकण होती, आणि आता ते नीट बोलतही नव्हते. मी गाडी काढून गेलो. नाडी बारीक आणि वेगवान, रक्तदाब ८०/५०, साखर ५२. ग्लुकोज दिले, सलाइन लावले. साखर वर आली. रक्तदाब काही केल्या येईना. घाम पुसण्यासाठी वहिनींनी त्यांची बंडी काढली, तेव्हा खिशातून प्लास्टिकची एक चुरगळलेली पिशवी पडली. आत कागदाची एकच पुडी होती. पिवळसर पांढरी भुकटी, वर ना नाव, ना तारीख.

“गुडघ्याची पुडी आहे ती,” मोठी आई म्हणाली. “बाजाराच्या दिवशी एक माणूस देते. रोज दोन घेत होते. तो तीन हप्त्यांपासून आलाच नाही. ही शेवटची ठेवली होती जपून.”

त्या क्षणी गेल्या दोन वर्षांतील सगळे माझ्यासमोर उलगडले. गुडघ्यांची एकाएकी थांबलेली दुखणी, गोल झालेला चेहरा, वाढलेली साखर, चढलेला रक्तदाब, काडीसारखे हात आणि दंडावरचे निळे डाग. रक्ताची एक नळी काढून ठेवली आणि बॅगेतील हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन शिरेतून दिले. मग १०८ ची रुग्णवाहिका बोलावून त्यांना बुलढाण्याला हलवले. पहाटे त्यांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. पुढे त्या नळीतील रक्ताचा अहवाल आला: कॉर्टिसॉल हे संप्रेरक जवळपास नाहीच.

आता हे काय झाले, ते आपल्याला सांगितले पाहिजे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्या रोज कॉर्टिसॉल तयार करतात. ताप, जखम, उपास, आघात अशा प्रत्येक संकटात शरीराला सावरून धरणारे हे संप्रेरक आहे. किती तयार करायचे, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. बाहेरून त्याच जातीचे औषध, म्हणजे स्टेरॉइड, रोज मिळू लागले की हुकूम थांबतो आणि ग्रंथी आक्रसतात. आपल्या भागातील वाचकांना उदाहरण देतो. गावात दोन वर्षे रोज टँकर येत राहिला, तर घरच्या विहिरीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. दोर कुजतो, गाळ साचतो. मग एके दिवशी टँकर बंद झाला, तर विहीर असूनही घागर कोरडीच राहते. मोठ्या बाबांचा टँकर तीन आठवड्यांपासून अडखळला आणि त्या दोन दिवसांत तापाने घाव घातला. त्यातच साखर कमी करणारी माझी गोळी चालू होती. जी साखर पुडीने वाढवली होती, ती पुडी संपताच उतरली. गोळी मात्र आपले काम करीत राहिली. त्या ५२ च्या आकड्यात माझाही वाटा होता.

स्टेरॉइड हे मुळात दुष्ट औषध नाही. १९४८ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली. जिला अंथरुणात कूस बदलणे कठीण होते, ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. परंतु औषध चालू ठेवले तसे रुग्णांचे चेहरे गोल झाले, कातडी पातळ झाली, हाडे ठिसूळ झाली. हेच रूप हार्वे कुशिंग या शल्यचिकित्सकाने त्याआधी, १९३२ मध्ये, पीयूषिकेच्या गाठीमुळे कॉर्टिसॉल अति झालेल्या रुग्णांत वर्णन केले होते. म्हणून आजही त्याला कुशिंगचा विकार म्हणतात. गाठीमुळे होणारा विकार दुर्मीळ आहे. पुडीमुळे होणारा दुर्मीळ नाही, हे मी माझ्या दवाखान्याच्या अनुभवावरून सांगतो. दमा, संधिवात, त्वचेचे काही विकार, मूत्रपिंडाचे आजार यांत हेच औषध जीव वाचवते. मात्र तेथे मात्रा ठरलेली असते, मुदत ठरलेली असते आणि बंद करण्याची पायरी ठरलेली असते. पुडीत काय आहे आणि किती आहे, हे देणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

येथे एक कबुली द्यावी लागेल. पुडी देणाऱ्या त्या माणसाला शिव्या घालणे सोपे आहे. पण प्रॅक्टिसच्या पहिल्या चारपाच वर्षांत मीही तेच करीत होतो. अंगदुखी घेऊन आलेल्या मजुराला दुसऱ्या दिवशी निंदणीला जायचे असे. ‘लवकर आराम पडेल असे द्या’ हा एकच आग्रह. मी डेक्सामेथासोनचे इंजेक्शन देई आणि संध्याकाळपर्यंत माझ्या हाताला गुण आहे अशी ख्याती पसरे. प्रत्येकाला एखाददुसरेच दिले, अशी स्वतःची समजूत मी घालून घेत असे. तोच माणूस तेच इंजेक्शन आणखी दोन दवाखान्यांतून घेत असेल, हा विचार त्या वयात शिवला नाही. एका सत्तरीच्या आजींचा मणका नुसत्या खोकल्याने दबला, तेव्हा तो शिवला. म्हणून पुडीवाल्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

घरात वृद्ध पुरुष असेल तर आपण काय पाहावे? मला सर्वांत उपयोगी पडलेले साधन म्हणजे आधार कार्ड. त्यावरील जुना फोटो आणि समोरचा चेहरा शेजारी ठेवून पाहा. रोज पाहणाऱ्याला चेहऱ्याचा बदल कळत नाही, फोटोला कळतो. गाल भरून कान समोरून दिसेनासे झाले आहेत का? मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये चरबीचा उंचवटा आला आहे का? सदरा पोटावर आवळ आणि दंडावर ढगळ होतो आहे का? खाण्याने आणि बसण्याने आलेले वजन साधारण सगळीकडे चढते. स्टेरॉइडचे वजन चेहरा, मान आणि पोट धरते आणि हातापायांचे स्नायू खाते. म्हणून माणूस जाड होतो आणि त्याच वेळी दुबळाही होतो. खाली बसलेला उठेना, बसच्या पायरीवर पाय उचलेना. पोटावर जांभळे पट्टे, किरकोळ धक्क्याने निळे डाग, न भरणाऱ्या जखमा, वारंवार होणारे नायटे, अचानक उद्भवलेली साखर. यांतील दोनतीन गोष्टी एकत्र दिसल्या तर प्रेमाने विचारा: गुडघ्यासाठी, दम्यासाठी, ताकदीसाठी आणखी काही घेता का? रागावून विचाराल तर पुडी बंडीच्या खिशातून धान्याच्या कोठीत जाईल.

आणि पुडी सापडली, तर एक गोष्ट कृपा करून करू नका. ती चुलीत टाकू नका. संतापलेला मुलगा वडिलांची सगळी पाकिटे एका झटक्यात फेकून देतो, हे मी पाहिले आहे. महिनाभराहून अधिक काळ घेतलेले स्टेरॉइड अचानक बंद केले तर जे होते, ते वर सांगितलेच. पुडी आणि माणूस दोघांनाही त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉलची तपासणी करून, नेमक्या मात्रेची गोळी सुरू करून ती हळूहळू उतरवावी लागते. या काळात उलट्या, खूप थकवा, उभे राहताच भोवळ असे काही झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि तेथे पहिले वाक्य हेच सांगावे की हे स्टेरॉइड घेत होते.

अर्थात, प्रत्येक वाढलेल्या वजनामागे पुडी नसते. मोठ्या बाबांनंतर मी वजनाचा काटा टेबलाजवळ आणला आणि आकडे नीट वाचू लागलो, तेव्हा इतरही पुरुष दिसू लागले.

एक निवृत्त गुरुजी मुलासोबत आले. मुलाची तक्रार वजनाची नव्हती. वडील विसरतात, दिवसभर पडून असतात, आवाज घोगरा झाला आहे, बद्धकोष्ठता आहे, म्हातारपण फार लवकर आले, एवढेच त्याचे म्हणणे. वजन पाचेक किलोंनी वाढले होते. खामगावातील वैशाख आपल्याला ठाऊक आहे. सावलीतही माणूस भाजून निघतो. त्या उन्हाळ्यात गुरुजींच्या अंगात स्वेटर होता! थायरॉइड ग्रंथी मंदावलेली होती. टीएसएच शंभराच्या वर गेला होता. मुलगा म्हणाला, “पण हा तर बायकांचा आजार ना?” स्त्रियांत तो कितीतरी पटींनी अधिक आढळतो, हे खरे. म्हणूनच पुरुषांत तो कोणी शोधत नाही. वृद्धांत, विशेषतः हृदयविकार असेल तर, थायरॉक्सिन अगदी कमी मात्रेपासून, बहुधा २५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमीपासून, सुरू करतात. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची. चहासोबत घेतली तर ती अर्धी वाया जाते, आणि आपल्याकडे चहा थांबवणे हे गोळी देण्याहून अवघड. तीनचार महिन्यांनी गुरुजींनी माझ्या पावतीवरील शुद्धलेखनाची चूक दाखवली, तेव्हा मला निश्चिंत वाटले. याची दुसरी बाजूही सांगतो. पासष्टीपुढे टीएसएच थोडासा वाढलेला असणे हा बऱ्याचदा आजार नसतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका मोठ्या अभ्यासात अशा वृद्धांना थायरॉक्सिन देऊन त्यांच्या लक्षणांत काही फरक पडला नाही. तेव्हा केवळ अहवालावर लाल अक्षर दिसले म्हणून गोळी मागू नका. थायरॉइडने वजन फार वाढतही नाही. त्यातला बराच भाग पाणी आणि मीठ असतो. पंधरावीस किलो वाढले असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

पाण्यावरून आठवले. आठवड्यात चार किलो वजन वाढले, तर ती चरबी असूच शकत नाही. ते पाणी असते. संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा पडून तसाच राहिला, चपलेचा पट्टा रुतू लागला, रात्री दोन उशा लागू लागल्या, तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांकडे पाहायचे असते. हृदय कमजोर असल्याचे आधीच ठाऊक असलेल्या रुग्णाचे वजन रोज सकाळी लघवीनंतर, चहापूर्वी घेऊन वहीत लिहावे. दोनतीन दिवसांत दोन किलो वाढले की डॉक्टरांना कळवावे. दम लागण्याच्या कितीतरी आधी काटा बोलतो.

औषधांचेही तसेच. इन्सुलिन, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड किंवा पायोग्लिटाझोनसारख्या गोळ्या, फिट्सवरील व्हॅल्प्रोएट, नसांच्या दुखण्यावरील प्रीगॅबालिन, मानसिक आजारावरील ओलान्झापिन यांनी वजन वाढू शकते. रक्तदाबावरील अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात. यांतील एकही आपल्या मनाने बंद करायचे नाही; फक्त वजन केव्हापासून वाढू लागले आणि गोळी केव्हा सुरू झाली, या दोन तारखा शेजारी लिहून आणायच्या.

मग उरते ते पुरुषांना सर्वांत जास्त छळणारे आणि ते सर्वांत कमी बोलतात ते. चिखलीहून खामगावला जाताना रस्त्यालगतच्या भिंती वाचा. ‘मर्दानी ताकद’, ‘गुप्त कमजोरी’, ‘एका महिन्यात फरक’. अशा जाहिरातींना आळा घालण्यासाठी १९५४ चा कायदा आहे. भिंतींना तो वाचता येत नसावा. पोट सुटलेला, उत्साह गेलेला, छाती थोडी स्त्रीसारखी दिसू लागलेला साठीचा पुरुष या भिंती वाचतो, लाजतो, आणि आमच्याकडे येण्याऐवजी तिकडे जातो. पुरुषाचे संप्रेरक टेस्टोस्टेरॉन वयानुसार हळूहळू कमी होते, ही गोष्ट खरी आहे. परंतु २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय पाहणीत ४० ते ७९ वयाच्या पुरुषांपैकी केवळ दोन टक्क्यांच्या आसपास पुरुषांना वयामुळे येणारी खरीखुरी कमतरता आढळली. बाकीच्यांचे काय? पुष्कळांत गाडी उलट दिशेने धावते. टेस्टोस्टेरॉन कमी झाले म्हणून पोट वाढले असे नव्हे. पोट वाढले म्हणून टेस्टोस्टेरॉन कमी झाले. चरबीतील एक विकर पुरुषी संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते. वजन उतरले की पातळी पुष्कळदा आपोआप वर येते. तपासणी करायचीच तर सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेळा करावी. दुपारच्या एका अहवालावर आयुष्यभराचे इंजेक्शन घेऊ नये. त्याने रक्त दाट होऊ शकते, आणि प्रोस्टेटची तपासणी न करता तर ते घेऊच नये. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी हे संप्रेरक मुद्दाम दाबले जाते, त्या रुग्णांचेही वजन वाढते, स्तन दुखरे होतात, चिडचिड होते. ते औषधाचे परिणाम आहेत, पुरुषत्वावरचा डाग नव्हे. पत्नीला आणि मुलांना हे आधीच सांगितलेले बरे.

आमच्या भागातील माणूस मुळात सडपातळ, त्याला पोटाची काळजी कशाला, असे कोणाला वाटेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक मराठी माणूस आतून किती चरबी बाळगून असतो, हे त्या एका चित्राने जगाला दाखवले. म्हणून आपल्याकडे काट्याइतकाच टेपही महत्त्वाचा. बेंबीच्या रेषेत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी. धोतर नेसणाऱ्याला पट्ट्याचे भोक वाढल्याचे कळत नाही, एवढे लक्षात ठेवा.

मोठ्या बाबांची पुडी गोळीत बदलली आणि गोळी उतरवायला चौदा महिने लागले. प्रत्येक पायरीला गुडघे दुखत, अंग मोडून येई. खिशात पुडीच्या जागी मी लिहून दिलेली चिठ्ठी असे: ‘हे स्टेरॉइडवर आहेत. ताप आल्यास मात्रा दुप्पट करावी, उलट्या झाल्यास इंजेक्शन द्यावे.’ वजन ७१ वरून ६१ वर आले. साखरेची गोळी बंद झाली, रक्तदाबाची अर्ध्यावर आली. चेहरा पुन्हा आधार कार्डासारखा दिसू लागला. मात्र पाठीचे दोन मणके दबले आहेत, ते तसेच राहिले. उंची थोडी कमी झाली.

माझे सर्वांनी कौतुक केले. मोठ्या बाबांनी केले नाही. एका संध्याकाळी ओट्यावर बसून ते मला म्हणाले, “तू मले वाचवलं, मान्य आहे. पण त्या पुडीवर मी दोन साल शेगावले पायी गेलो. तुह्या औषधावर मले अंगणात जाता येत नाही. कोणतं औषध चांगलं, सांग बरं.”

मला उत्तर सुचले नाही. गुडघे दुखतात म्हणून ते माझ्याकडे पहिल्यांदा आले होते, तेव्हा मी दोन मिनिटांत वेदनाशामक लिहून दिले होते आणि ‘वय झालं’ म्हटले होते. पुडीवाला त्यांच्याशी तासभर बोलला होता. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, काठी, उंच संडास, वजन, शस्त्रक्रियेचा विचार, यांतले मी काहीच सांगितले नव्हते. ते सगळे त्या संध्याकाळनंतर सुरू झाले. वहिनींनी दोन खुर्च्यांवर त्यांचे पाय ठेवून व्यायाम करवून घेतला. पहिले दोन महिने रोज शिव्या खाल्ल्या.

यंदा ते एसटीने शेगावला गेले. बसस्थानकापासून मंदिरापर्यंत काठी टेकत चालले, वाटेत तीनदा बसले. परत आल्यावर दवाखान्यात येऊन, न सांगता स्वतःच काट्यावर उभे राहिले. खाली वाकून आकडा दिसत नाही म्हणून मला विचारले, “किती?”

“साडेसाठ.”

“लेह्य,” ते म्हणाले, आणि मी कागदावर लिहीपर्यंत खाली उतरले नाहीत.